सोन्याची मोहर आणि कलम ३१

दोन वर्षांपूर्वी मला एका कंपनीचं ऑफर लेटर आलं. पीडीएफ उघडली की डिजिटल सहीशेजारी हिरवी खूण दिसायची. सही खरी, मजकुरात बदल नाही. मी लगेच राजीनामा दिला. जॉइनिंगला नऊ दिवस उरलेले असताना चार ओळींचा ईमेल आला. ऑफर मागे घेतली होती. त्या रात्री मी ती पीडीएफ पुन्हा उघडली. हिरवी खूण तशीच होती.

पुढचे तीन महिने घरी बसून काढले. आई शेजाऱ्यांना सांगायची, "वर्क फ्रॉम होम आहे त्याला." इंटरव्ह्यूसाठी डिजिटल सह्यांबद्दल वाचता वाचता मी मागे मागे जात मध्ययुगातल्या मोहरांपर्यंत पोचलो.

बायझंटाईन सम्राट एरवी शिशाची मोहर वापरत, पण महत्त्वाच्या सनदेला सोन्याची. सोन्याच्या पातळ पत्र्यावर ठसा उमटवायचा आणि ती मोहर दोऱ्याने सनदेला लटकवायची. पुढे युरोपातले इतर राजेही तसंच करू लागले. मोहरेला लॅटिनमध्ये 'बुला' म्हणतात, म्हणून या सनदा 'गोल्डन बुल'. बैलाचा काही संबंध नाही.

त्यातली एक माझ्या डोक्यात बसली. १२२२ साली हंगेरीचा राजा आंद्राश दुसरा याने दिलेली. त्याने राज्याच्या जमिनी मर्जीतल्या लोकांना वाटल्या होत्या, आणि चिडलेल्या सरदारांनी त्याला ही सनद द्यायला भाग पाडलं. रीतसर न्याय केल्याशिवाय सरदाराला अटक नाही. परदेशातल्या लढाईला स्वखर्चाने जायची सक्ती नाही. अशी ३१ कलमं. शेवटच्या कलमात होतं की राजाने किंवा त्याच्या वारसाने शब्द मोडला, तर त्याला विरोध करण्याचा हक्क आहे आणि तो राजद्रोह ठरणार नाही.

सनदेच्या सात प्रती काढून वेगवेगळ्या हाती दिल्या. एक तर थेट पोपकडे. आमच्या भाषेत सात सर्व्हरवर बॅकअप! आज त्यातली एकही शिल्लक नाही. १२३१ साली आंद्राशनेच सुधारित सनद काढली, त्यातून विरोधाचा हक्क गायब झाला. पण १३५१ साली लायोश राजाने मूळ सनदेला पुन्हा मान्यता दिली, तेव्हा तो हक्क परत आला आणि १६८७ पर्यंत टिकला. सोनं गेलं, मजकूर राहिला.

मोहर फक्त एवढंच सांगते, की हे कुणी लिहिलं. तो ते पाळेल का, हे नाही सांगत. सरदारांना हे माहीत होतं. सोनं हातात असूनही त्यांनी कलम ३१ मागून घेतलं.

मग मी माझं ऑफर लेटर पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. कारण न देता ऑफर रद्द करण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला होता. पान चार. मी फक्त हिरवी खूण पाहिली होती.

गेल्या महिन्यात नवी ऑफर आली. सही तपासायच्या आधी मी एचआरला विचारलं, "तुम्ही शब्द फिरवलात तर?" उत्तर यायला दोन दिवस लागले. राजीनामा त्यानंतरच टाइप केला.