पंचेचाळिसावा दिवस

कुपवाड, सांगली
रविवार

चि. मुक्तास,


तुझी बदली सीएसआर विभागाची प्रमुख म्हणून झाल्याचं दादाने फोनवर सांगितलं. पगार वाढला म्हणून तो खूश होता, पण तू प्रॉडक्शन सोडून 'शाळांना बाक वाटायला' चाललीस याची रुखरुखही त्याच्या बोलण्यात होती. तुला बाजूला टाकलं असं त्याला वाटतंय. मला ते पटत नाही. मात्र बाजूला पडण्याची भीती खरी आहे. तुझ्या साहेबांपेक्षा ती कायद्याच्या रचनेतूनच जास्त येते, म्हणून हे लांबलचक पत्र.

कलम १३५ तुझं पाठ झालं असेल. कंपनी कायदा २०१३ चा, लागू १ एप्रिल २०१४ पासून. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांतलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. बैठकीत यावर सगळे बोलतील. त्याखालच्या नियमांत काय काय वगळलंय ते मात्र कोणी फारसं वाचत नाही. कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातलं काम यात धरत नाहीत. फक्त स्वतःच्या कामगारांच्या भल्याचं कामही धरत नाहीत. हेतू मला समजतो. हे वगळलं नसतं, तर जाहिरातीपासून कँटीनच्या उसळीपर्यंत सगळा खर्च समाजसेवेत दाखवला गेला असता. आपले सीए लोक त्या बाबतीत कल्पक आहेत.

पण ही फूटपट्टी जुन्या लोकांना लावून बघ. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. तिथे जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि १८९५ मध्ये अपघाताच्या भरपाईची सोय केली. जमशेदपूरच्या कारखान्यात १९१२ सालीच आठ तासांची पाळी आली, तेव्हा देशात तसा कायदाच नव्हता. १९२० मध्ये भरपगारी रजा, १९२८ मध्ये बाळंतपणाचा लाभ. आजच्या सीएसआरच्या रकान्यात या सगळ्याची बेरीज शून्य येते. कामगारांसाठी केलं ना, मग ते धरायचं नाही!

तुला शाळेत असताना किर्लोस्करवाडी दाखवायला नेलं होतं, आठवतं का? तुझं सगळं लक्ष स्टेशनवरच्या भज्यांकडे होतं, म्हणून आता पुन्हा सांगतो. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलचं दुकान आणि छोटा कारखाना होता. नगरपालिकेने ती जागा सोडायला लावली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ आणि १०,००० रुपयांचं बिनव्याजी कर्ज देऊ केलं. १९१० मध्ये पंचवीसेक कामगार आणि त्यांची बायकामुलं त्या माळावर उतरली. निवडुंग, नाग, आणि पाण्याची बोंब. घरं, शाळा, दवाखाना सगळं कारखान्याबरोबरच उभं करावं लागलं, कारण त्याशिवाय त्या उजाडीत कामगार टिकणारच नव्हता. लक्ष्मणरावांच्या मनात गाव वसवायचं स्वप्न होतं हे खरं, पण ते बाजूला ठेवलं तरी नुसत्या व्यवहारानेही त्यांना तेच करायला लावलं असतं. मला या गोष्टीत हेच आवडतं. स्वप्न आणि व्यवहार यांतलं कोणतं आधी होतं ते ठरवता येत नाही, आणि ठरवायची गरजही नाही.

त्यांच्या वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना त्यांनी राखणीच्या कामावर घेतलं, हे आमच्या भागात अजून सांगतात. सामान चोरीला गेलं असतं तर तोटा त्यांचाच होता, तेव्हा हा दानधर्म म्हणता येत नाही. ती जोखीम होती.

आणि त्यांचा तो लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनतं म्हणून शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. तो विकायचा म्हणजे आधी शेतकऱ्याच्या मनातली भीती काढायची, आणि ती निघाली की त्याच्या रानातली हरळी निघते आणि यांचा नांगर खपतो. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं ते कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला. शंकरराव किर्लोस्करांच्या हातात त्याचं मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री' आलं, आणि ज्या घरांत बाईने वाचणं हाच विषय नव्हता तिथे ते पोचलं. यंत्रांच्या जाहिरातींचा पैसा आणि सुधारणेचा विचार एकाच बांधणीत घरोघरी जात होता, आणि कोणाला त्यात विसंगती वाटली नाही.

अलीकडचं उदाहरण हवं तर आयटीसीचं ई-चौपाल. २००० साली मध्य प्रदेशातल्या सोयाबीनच्या गावांत एका शेतकऱ्याच्या घरी संगणक ठेवला, गावात बसून भाव कळू लागला, काट्यावरची मारामारी संपली. कंपनीचा खरेदीखर्च वाचला. सिगारेट विकणाऱ्या कंपनीने हे केलं म्हणून माझं तोंड थोडं वाकडं होतं, पण शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळाले ते खोटे नाहीत.

आता तू म्हणशील, नानाकाका, मग सोपंच आहे. जिथे दोघांचं हित जुळतं तिथे काम करायचं. मॅनेजमेंटच्या वर्गात हेच शिकवतात. गोम अशी की पुष्कळदा ते जुळतच नाही. हिंदुस्तान लिव्हर बघ. गावोगाव हात धुवायला शिकवलं तर लाइफबॉय खपतो आणि मुलांची हगवणही कमी होते, तिथे कंपनी उत्साहात होती. त्याच कंपनीच्या कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातली पाराभरली फुटकी काच २००१ मध्ये भंगारवाल्याकडे सापडली. कारखाना बंद झाला. कामगारांच्या तब्येतीला आमच्यामुळे बाधा झाली नाही, हेच कंपनी सांगत राहिली. २०१५ मध्ये यावरचं एका तरुण मुलीचं रॅप गाणं जगभर गाजलं, आणि २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी समझोता झाला. पारा साफ करून कोणताच साबण जास्त खपत नाही. असा खर्च निव्वळ खर्च म्हणूनच करावा लागतो. एखाद्या कंपनीची पारख मी तिथे करतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला हे बिलांवरून कळलं. एका मोठ्या कंपनीचं टर्निंगचं जॉबवर्क मी बरीच वर्षं केलं. नाव लिहीत नाही, तुझ्या ओळखीचे लोक तिथे असतील. माल वेळेवर गेला नाही तर डेबिट नोट दुसऱ्या दिवशी यायची. पैसे मात्र नव्वद दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. तोवर मी बँकेच्या कॅश क्रेडिटवर व्याज भरायचो आणि सात तारखेला पोरांचा पगार करायचो. त्याच कंपनीने आमच्या रस्त्यावरची शाळा रंगवून दिली. रंगकाम छान होतं, भिंतीवर लोगोही ठसठशीत. त्या शाळेत माझ्या लेथवरच्या पोराची मुलगी जायची, आणि त्याचा ओव्हरटाइम मी त्या बिलापायी लांबवत होतो.

कायदा माझ्या बाजूने होता. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मागितलं का कोणी कधी? आमच्या एमआयडीसीत तरी मला माहीत नाही. मागणाऱ्याला पुढची ऑर्डर येत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. २०२३ मध्ये आयकर कायद्यात ४३ब(ह) हे कलम आलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. त्याने हालचाल झाली खरी, पण काही खरेदीदारांनी हा नियम चुकवायला उद्यम नोंदणी नसलेल्यांकडे कामं वळवल्याच्या तक्रारीही लगेच आल्या.

म्हणून तुला सांगणं असं. शाळा, तलाव, दवाखाना जरूर कर, त्या पैशाची निगा राख, लोगो लहान ठेव. पण तू शॉपफ्लोअरवरून आली आहेस. पर्चेसवाले कोणाला ताटकळत ठेवतात, सांडपाणी शुद्ध करणारं ईटीपी रात्री चालतं की फक्त तपासणीच्या दिवशी, कंत्राटी मुलांचा पीएफ भरला जातो का, हे तुला विचारता येतं आणि उत्तर खोटं असेल तर ओळखताही येतं. हे तुझ्या विभागाच्या कामात मोजलं जाणार नाही, कायद्यानेच तशी सोय करून ठेवली आहे. तरी विचार. लोक चिडतील. 'मॅडम, हा तुमचा विषय नाही' असं म्हणतील. तेव्हा आवाज चढवू नकोस, फक्त कागद माग.

पहिला कागद कोणता तेही सांगतो. ज्या कंपन्यांकडे छोट्या उद्योगांची ४५ दिवसांवरची बाकी असते, त्यांना दर सहा महिन्यांनी एमएसएमई-१ नावाचा फॉर्म सरकारकडे भरावा लागतो: कोणाचे किती अडकले आणि का, ते कारणासकट. एप्रिल ते सप्टेंबरचा ऑक्टोबरअखेर, उरलेल्या सहामाहीचा एप्रिलअखेर. अकाउंट्समध्ये जाऊन तुमचा मागचा फॉर्म बघ आणि 'कारण' या रकान्यात काय लिहिलंय ते मला फोन करून सांग. दिवसा कर, रात्री काकू मालिका बघत असते आणि मला ऐकू येत नाही.

तुझा,
नानाकाका