मार्सेयच्या बंदरावरून आपल्या चुलीपर्यंत

फ्रेंच जेवण म्हटले की लोणी, मलई आणि वाइन एवढेच डोळ्यांसमोर येते. म्हणून हलाल-हराम पाहणारे आणि वजन सांभाळणारे, दोघेही त्यापासून लांब राहतात. दक्षिण फ्रान्समधले मार्सेय शहर मात्र वेगळीच चव दाखवते.

भूमध्य समुद्रावरचे हे बंदर सुमारे २६०० वर्षे जुने आहे. पॅरिसहून वेगवान रेल्वेने तीन-सव्वातीन तासांत इथे पोहोचता येते. जुन्या बंदराच्या धक्क्यावर सकाळी कोळी ताजी मासळी विकतात. तिथून कानबिएर रस्त्याने थोडे वर गेले की नोआय वस्ती लागते. अल्जीरिया, ट्युनिशिया, मोरोक्को आणि कोमोरोस बेटांवरून आलेल्या लोकांचा हा बाजार. हलाल मटणाची दुकाने, जिऱ्या-हळदीचे ढीग, पुदिन्याच्या जुड्या, खजूर. इथे आपल्याला परके वाटत नाही.

शहराची शान म्हणजे बुयाबेस, माशांचे सालन. टोमॅटो, बडीशेपेचा कांदा, लसूण, संत्र्याची साल आणि केशर घालून ते शिजते. त्याच्या नावाचा अर्थच ‘उकळी आली की आच कमी करा’ असा सांगितला जातो. त्यात लोणी नाही, मलई नाही. काही ठिकाणी वाइन घालतात, म्हणून विचारूनच मागवावे. शिजवल्यावर दारू पूर्ण उडून जाते, हा समज बरोबर नाही. मेनूवर ‘व्हँ’ म्हणजे वाइन आणि ‘लार्दों’ म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, हे दोन शब्द लक्षात ठेवावेत.

इथल्या स्वयंपाकाच्या तीन पद्धती आपल्या घरी सहज जमतात.

पहिली पापियोत, म्हणजे पुडीत वाफवणे. सुरमईच्या किंवा पापलेटच्या तुकड्याला मीठ, मिरपूड, लिंबू लावा. गाजराच्या बारीक काड्या, टोमॅटो आणि एक चमचा तेल घालून बेकिंगच्या कागदात घट्ट गुंडाळा. ओव्हनमध्ये २०० अंशांवर साधारण १५ मिनिटे पुरतात. ओव्हन नसेल तर केळीचे पान किंचित शेकून त्यात बांधा आणि मोदकपात्रात वाफवा. मासा स्वतःच्याच रसात शिजतो.

दुसरी देग्लासे. चिकनचे तुकडे थोड्या तेलात परतून, नीट शिजवून बाजूला काढा. भांड्याच्या तळाला चिकटलेला खरपूस थर धुऊन टाकू नका, खरी चव त्यातच असते. फ्रेंच लोक तिथे बहुधा वाइन ओततात. आपण अर्धी वाटी यखनी घालून थर खरवडावा, उकळून निम्मा करावा आणि शेवटी लिंबू पिळावे. मलईशिवाय दाट रस्सा तयार होतो.

तिसरी रातातूय, शेजारच्या नीस शहराची भाजी. वांगी, दुधी भोपळ्यासारखी झुकिनी, ढोबळी मिरची आणि टोमॅटो. जुन्या रीतीत प्रत्येक भाजी वेगळी तळतात आणि वांगे तर तेल पिऊनच टाकते. वांगे आधी भाजून घेतले तर तेल खूप वाचते.

एक हिशेब मात्र विसरू नये. ऑलिव्ह तेल असो की शेंगदाण्याचे, पोह्याच्या मोठ्या चमच्याला सुमारे १२० कॅलरी पडतात, चहाच्या चमच्याला ४०. ‘चांगले तेल’ म्हणून हात सैल सोडला तर कॅलरी वाढणारच. म्हणून बाटलीतून थेट ओतू नये, चमच्याने मोजावे.

आपल्या घरांत अब्बांना साखरेचा आजार जडला की त्यांची फिकी भाजी वेगळी शिजते. सगळे बिर्याणी खातात आणि ते आपली ताटली घेऊन गप्प बसतात. पथ्य नकोसे होते ते चवीमुळे कमी, या एकटेपणामुळे जास्त. पुडीतला मासा किंवा यखनीचा रस्सा आजारी माणसाचे जेवण वाटत नाही. तो मुलांनाही आवडतो आणि पाहुण्यांपुढेही ठेवता येतो. भाता-रोटीचे प्रमाण डॉक्टर सांगतील तसे ठेवावे, पण दस्तरखान सगळ्यांचा एकच असावा.