अनोळखी आस

डिचोलीत जुन्या लोखंडाला तोटा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर या तालुक्यात खाणी वाढल्या, वाटा तांबड्या धुळीने माखल्या आणि येथले लोहखनिज बार्जींतून मांडवीने मुरगाव बंदराकडे जाऊ लागले. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली न्यायालयाच्या निर्णयांनी खाणी थांबल्या, तेव्हा कितीतरी ट्रक माडांखाली उभेच राहिले. काही खाणी पुढे सुरू झाल्या; परंतु उभे राहिलेले सगळेच ट्रक काही पुन्हा रस्त्यावर आले नाहीत.

माझा मामा असाच एक ट्रक चालवीत असे. काम सुटल्यावर त्याने आजोबांची जुनी विलीस जीप दुरुस्त करण्याचे मनावर घेतले. ही जीप चार चिऱ्यांवर बसविलेली होती, कारण तिचा मागचा आस नव्हता. दुरुस्तीसाठी म्हणून तो कोणी नेला, तो परत आलाच नाही. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ज्याला आस म्हणतात, त्यालाच गॅरेजात एक्सल म्हणतात. इंजिनाची फिरत मागच्या दोन चाकांना वाटून देणारे सारे यंत्र त्यातच असते.

एके दिवशी भंगाराच्या आवारात मामाला एक आस दिसला. त्याच्यावर ना नाव, ना आकडा. जे काही कोरलेले असेल ते गंजाने खाऊन टाकले होते. भंगारवाल्याने शनिवारपर्यंतची मुदत दिली. शनिवारी वितळवण्याचा माल नेणारी गाडी येणार होती. मामाजवळ वर्षभर बाजूला टाकलेले पैसे होते, पण ते एकाच आसापुरते. घेतलेला आस जीपचा न निघाला, तर जीप चिऱ्यांवरच राहणार हे उघड होते.

आवारात जमलेल्या मंडळींकडे मतांची मात्र वाण नव्हती. एक म्हणाला, "हा अँबॅसडरचा." दुसरा म्हणाला, "छे, फियाटचा." तिसऱ्याने तर तो पलटणीतल्या ट्रकाचा असल्याचे शपथेवर सांगितले. ज्याला वस्तू विकत घ्यावयाची नसते, त्याला तिची ओळख फार लवकर पटते! मामा कोणाशी वाद घालीत बसला नाही. त्याने मला खडू, वही आणि पट्टी घेऊन बोलावले.

पहिली खूण नुसत्या डोळ्यांनी दिसली. सामान्य मोटारीत दातेरी चक्रांचा गोळा आसाच्या जवळजवळ मध्यावर असतो. येथे तो उजव्या बाजूला सरकलेला होता. डावी नळी लांब, उजवी आखूड. जीपच्या गिअरबॉक्सला जोडलेली, पुढच्या व मागच्या चाकांना फिरत वाटून देणारी पेटी उजव्या अंगाला असते. तिच्यातून निघणारा दांडा सरळ मागे जावा म्हणून गोळाही उजवीकडेच बसवावा लागतो. दुसरी खूण हाताला लागली. डाव्या चाकाच्या बोल्टांचे आटे उलटे होते. जुन्या जीपच्या डाव्या चाकांना असेच आटे असत.

तिसरी खूण भूमितीची. चाकाचे बोल्ट पाच असल्यामुळे कोणताच बोल्ट दुसऱ्याच्या बरोबर समोर येत नाही, आणि वर्तुळाचा व्यास थेट मोजता येत नाही. म्हणून शेजारच्या दोन बोल्टांमधले अंतर घेतले. एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत ते ८२ मिलिमीटर भरले. त्याला ०.५८८ ने भागले की व्यास सुमारे साडेपाच इंच येतो. जीपचे माप हेच.

तर आस जीपचा खरा. पण कोणत्या जीपचा? युद्धकाळात विलीस आणि फोर्ड या कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. त्यांच्या मागच्या आसात गाडीचा भार बाहेरची नळी पेलते, आतला दांडा केवळ फिरतो; त्या दांड्याची सहा बोल्टांची चकती चाकाच्या तोंडावर दिसते. १९४५ नंतरच्या नागरी जीपमध्ये दांडा फिरतोही आणि भारही वाहतो, व चाकाच्या मध्यभागी एकच मोठा नट असतो. आमच्यासमोर तो एकच नट होता. आजोबा आपली जीप लढाईतली असल्याचे सांगत. मामा काही बोलला नाही. पण थोडा वेळ तो त्या नटाकडेच पाहत उभा होता.

खरी कसोटी पुढेच होती. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते. त्यासाठी दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी रचना पेकेर या फ्रेंच कारागिराने १८२७ साली शोधली. तिचा नियम असा की, आतले मोठे चक्र दोन्ही चाकांच्या फेऱ्यांच्या सरासरीइतके फिरते. आम्ही आस दोन चिऱ्यांवर ठेवला, एक चाक दोरीने करकचून बांधले आणि दांड्याच्या तोंडावर खडूची रेघ मारली. मामा दुसरे चाक फिरवू लागला, मी रेघ मोजू लागलो. चाकाच्या २० फेऱ्या म्हणजे मोठ्या चक्राच्या १०. तेवढ्यात दांडा ५३ वेळा आणि वर पाऊण फिरला. म्हणजे मोठ्या चक्राला ४३ दाते आणि लहानाला ८.

घरी येऊन जीपचे पुढचे एक चाक जॅकने उचलले व तसेच मोजले. आकडा आला पावणेएकोणपन्नास! पुढची जोडी ३९ आणि ८ दात्यांची, अगदी युद्धकाळच्या जीपला असे तीच.

हा फरक दिसायला किरकोळ आहे. परंतु चारही चाकांना जोर दिला की पुढचा आणि मागचा दांडा पेटीत एकत्र बांधले जातात. मग मागचे चाक दहा वेळा फिरेल तेव्हा पुढचे अकरा वेळा फिरू पाहील. चिखलात ते घसरून निभावेल. डांबरी रस्त्यावर मात्र कोठेतरी लोखंड तुटणारच.

शुक्रवारी रात्री मामाने मेस्त्रीला विचारले. तो म्हणाला, "पुता, पुढची जोडी बदलता येते. ४३-८ ची जोडी भारतात जितकी सापडेल तितकी ३९-८ ची सापडणार नाही." यावर मामाने बराच वेळ हिशेब केला. शनिवारी सकाळी भंगाराची गाडी यायच्या आधीच तो आस आमच्या अंगणात आला होता. झाकण उघडून आम्ही दाते मोजले, आणि मामाने मला ते पुन्हा मोजायला लावले.

जीप आता मये तळ्यापर्यंत जाऊन येते, केवळ मागच्या चाकांवर. पुढच्या आसाची नवी जोडी मिळेपर्यंत चारही चाके जोडणारा दांडा मामाने तांब्याच्या तारेने बांधून ठेवला आहे, आणि त्या तारेला हात लावण्याची परवानगी घरात कोणालाच नाही.