मोकळी जमीन

सांगलीतील एका घरी दहा फूट लांब-रुंद खोलीत पाच शिलाई मशिने होती. एक सासूबाईंचे हातमशीन, एक माहेरचे पायमशीन; उरलेली तीन जुन्या बाजारातून हौसेने घेतलेली. गोधड्या शिवणाऱ्या त्या गृहिणीला प्रत्येक मशीन कधीतरी लागेल असे वाटे.

गोधडीला मात्र आधी जमीन लागते. लुगड्यांचे थर अंथरून, सुरकुत्या काढून, धावदोऱ्याने पक्के केल्याशिवाय शिवण सरळ पडत नाही. जमीन मशिनांनी अडवली होती. दुमडून शिवलेले थर सरकले आणि नातीच्या लग्नाची गोधडी उसवावी लागली.

त्या रात्री तिने झाकणे उघडली. तेल थिजले होते, एका मशिनाचा चामडी पट्टा तडकला होता. सिंगर कंपनीने १८५६ मध्ये हप्त्यांवर विक्री सुरू केली, ती मशीन साध्या घरांतही चालावे म्हणून. येथे ते नुसते उभे होते. दुकानदार पती एवढेच म्हणाले, “पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेले भांडवल.”

हौसेची तिन्ही मशिने दुरुस्त करून तिने शिवण शिकणाऱ्या तीन मुलींना दिली. मोकळ्या फरशीवर गोधडी प्रथमच पूर्ण उलगडली आणि लग्नाआधी तयार झाली. दुरुस्तीचा खर्च पतीने वहीत ‘धर्मादाय’ खात्यावर नव्हे, ‘घरखर्चा’त लिहिला.