शाळेच्या संगणकातला सर्व्हर

वेब सर्व्हर हा ब्राउझरने मागितलेले पान काढून देणारा प्रोग्रॅम असतो. तो दूरच्या यंत्रावर चालतो तसा समोरच्या टेबलावरही चालतो. डिसेंबर १९९० मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनेव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत पहिला वेब सर्व्हर चालवला, तेव्हा सर्व्हर आणि ब्राउझर एकाच नेक्स्ट संगणकावर होते.

नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या एका शाळेत हीच रचना कामी आली. कळमेश्वर नागपूर–इटारसी लोहमार्गावरचे तालुक्याचे गाव, औद्योगिक वसाहतीचे. तरी शाळेतले इंटरनेट ऐन तासात तुटायचे. म्हणून संगणक कक्षातल्या एका यंत्रावर कोलिब्री बसवण्यात आले. ‘लर्निंग इक्वॅलिटी’ या ना-नफा संस्थेचे हे मुक्त सॉफ्टवेअर. २०१२ च्या ‘केए लाइट’चे पुढचे रूप. धड्यांचे चॅनल जिथे इंटरनेट चांगले आहे तिथे उतरवून पेन ड्राइव्हने शाळेत आणता येतात. त्यानंतर शिकण्यासाठी इंटरनेट लागत नाही.

कोलिब्रीच्या चिन्हावर दोनदा क्लिक केले की त्याचा वेब सर्व्हर पडद्यामागे सुरू होतो. पहिल्या दिवशी ब्राउझरने मात्र जोडणी नाकारल्याचा संदेश दाखवला. सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना आधी आपला डेटाबेस तयार करतो, आणि जुन्या यंत्रावर त्याला बराच वेळ लागतो. थोडे थांबून पान पुन्हा लोड केले, तेव्हा ते उघडले. अशा वेळी घाईने प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा सुरू करणे टाळावे.

ब्राउझरमध्ये लिहायचा पत्ता लोकलहोस्ट, त्यापुढे अपूर्णविराम आणि ८०८० असा असतो. लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१, अर्थात हेच यंत्र. या पत्त्यावरची मागणी संगणकाबाहेर जातच नाही. ८०८० हा पोर्ट. तहसील कार्यालय एकच असले तरी सातबाऱ्याची खिडकी वेगळी असते, तसा एका संगणकावर प्रत्येक सेवेचा पोर्ट वेगळा. तो दुसऱ्या प्रोग्रॅमने आधीच घेतला असेल तर सर्व्हर तिथे सुरू होत नाही. सेटिंगमध्ये दुसरा क्रमांक द्यावा लागतो. पत्त्याच्या सुरुवातीचे एचटीटीपी पूर्ण लिहिलेले बरे, नाहीतर काही ब्राउझर सरळ शोधयंत्राकडे वळतात.

खरी अडचण आली ती मुले आपापल्या यंत्रांवर बसल्यावर. “सर, माह्या कॉम्प्युटरवर येऊनच नाही राहिलं,” असे चहूकडून सुरू झाले. प्रत्येकाने लोकलहोस्टच लिहिले होते, आणि प्रत्येक संगणक ती मागणी स्वतःकडेच करत होता. तिथे सर्व्हर नव्हता. इतर यंत्रांना सर्व्हरचा स्थानिक जाळ्यातला पत्ता लागतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की तो दिसतो. शाळेतल्या साध्या राउटरवर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. तो पत्ता पोर्टसह फळ्यावर लिहिला, तरी काही उघडेना. विंडोजची फायरवॉल बाहेरून येणारी मागणी अडवत होती. खासगी जाळ्यापुरती परवानगी देताच सगळ्या पडद्यांवर प्रवेशाचे पान आले. सार्वजनिक जाळ्यासाठी ही परवानगी देऊ नये. घाईत तो पर्याय निवडला जाण्याचा संभव असतो, म्हणून हे काम शिक्षकांनी स्वतः करावे.

राउटर बंद-चालू झाला की सर्व्हरचा पत्ता बदलू शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये त्या यंत्रासाठी पत्ता राखून ठेवला की रोज नवा पत्ता फळ्यावर लिहावा लागत नाही. वीज गेल्यावर मात्र सर्व्हरच बंद पडतो, त्यामुळे निदान ते एक यंत्र आणि राउटर इन्व्हर्टरवर असायला हवेत. ब्राउझरची खिडकी मिटल्याने सर्व्हर थांबत नाही. तास संपल्यावर घड्याळाजवळच्या चिन्हातून तो वेगळा बंद करावा लागतो.

मुलांची प्रगती आणि नोंदी त्या एकाच संगणकात साठतात. ज्या शाळा ही व्यवस्था करतील त्यांनी या नोंदींची प्रत नियमाने दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी.