दार्जिलिंगच्या वाटेवरील एक वळण

वाचकहो, दार्जिलिंगला मोटारीने गेल्यास वेळ पुष्कळ वाचतो. तथापि सवड असेल तर एकदा तरी आपण त्या चिमुकल्या आगगाडीने जावे. अवघ्या २ फूट रुंदीच्या रुळांवरून ती न्यू जलपाईगुडीहून ८८ किलोमीटरांचा प्रवास करते. नेरळहून माथेरानला गेलेल्यांना ही रुंदी ओळखीची वाटेल, कारण १९०७ साली सुरू झालेल्या त्या मार्गाचे मापही हेच आहे.

सुकना मागे पडले की सालवृक्षांचे दाट अरण्य लागते आणि चढ सुरू होतो. फ्रँकलिन प्रेस्टेज यांनी १८७८ साली या मार्गाची कल्पना मांडली, १८७९ साली काम सुरू झाले आणि १८८१ च्या जुलैत गाडी दार्जिलिंगला पोहोचली. डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसे घालून जावे, हे येथील धोरण होते. कोठे रूळ स्वतःलाच ओलांडून वर चढतात, तर कोठे गाडी थांबते, उलटी मागे चढते आणि पुन्हा पुढे निघते.

तीनधारियाजवळ जे वळण आहे त्याला इंग्रजांनी ‘अ‍ॅगनी पॉइंट’, म्हणजे ‘यातनास्थान’, असे नाव दिले. त्याची त्रिज्या आहे केवळ १८ मीटर. येथे गाडी वळू लागली की प्रवासी बाहेरच्या बाजूस कलतो आणि खिडकीची कड घट्ट धरतो. कोणीतरी आपल्याला दरीकडे ढकलीत आहे असे त्यास वाटते. परंतु खरे पाहता दरीकडे ढकलणारे तेथे कोणीच नसते. आपले शरीर सरळ जाऊ पाहते आणि डबा मात्र आतल्या बाजूस वळतो, एवढेच घडते. जे बल खरोखर असते ते आत, वळणाच्या मध्याकडे असते. बाहेरचा रूळ चाकाच्या कडेला आत रेटतो, डबा आपल्याला आत रेटतो, आणि म्हणूनच आपण वळतो.

आता थोडा हिशेब करू. १० टनांचा एक डबा कल्पावा. २५ फुटांत १ फूट अशा चढावर पृथ्वी त्यास खाली ओढते ती सुमारे ४०० किलो वजनाइतक्या बलाने. उरलेला जवळजवळ सर्व भार रूळ तोलून धरतात. तोच डबा ताशी १० किलोमीटर वेगाने हे वळण घेईल तर त्यास आत वळविण्यासाठी सुमारे ४४० किलो वजनाइतके बल लागेल. म्हणजे चढ आणि वळण यांची मागणी जवळजवळ सारखीच झाली! मात्र वेग दुप्पट, म्हणजे ताशी २० किलोमीटर, केला तर चढाची ओढ तेवढीच राहते, पण वळणाची मागणी चौपट होऊन सुमारे १,७५० किलोंवर जाते. बाहेरचा रूळ किंचित उंच ठेवून या मागणीचा काही भाग भागविता येतो. पण फार उंच ठेवावा, तर थांबलेली गाडी आतल्या बाजूस कलेल. म्हणून खरा उपाय एकच, सावकाश जाणे. या गाडीच्या मंद गतीस हसणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे.

येथील जुनी वाफेची इंजिने लहान व चारच चाकांची आहेत. चाके जवळजवळ असल्याने ती अशा वळणांत अडकत नाहीत, आणि चारही चाके ओढणारी असल्याने इंजिनाचा सारा भार पकडीच्या कामी येतो. पण धुके उतरले, रूळ ओले झाले की ही पकड सुटते आणि चाके जागच्या जागी गरगरू लागतात. अशा वेळी इंजिनाच्या अगदी पुढे बसलेले कामगार मुठीमुठीने रुळांवर वाळू टाकतात. थंडीवाऱ्यात, चालत्या यंत्राच्या तोंडाशी बसून केलेले हे काम डब्यातील प्रवाशास दिसतही नाही. सारा चढ मात्र त्या मूठभर वाळूवर अवलंबून असतो.

घूम हे २,२५८ मीटर उंचीवरील स्थानक मागे टाकले की उतार लागतो. मघाशी मागे ओढणारे बल आता पुढे ढकलू लागते आणि गाडीचे रक्षण ब्रेककडे येते. हा उतार सौम्य व्हावा म्हणून १९१९ साली बतासियाचा गोल फेरा बांधण्यात आला. उंची तेवढीच उतरावयाची, पण वाट लांब करून. फेऱ्याच्या मध्यभागी गोरखा जवानांचे स्मारक आहे आणि आकाश निरभ्र असेल तर समोर कांचनगंगा दिसते.

युनेस्कोने १९९९ साली या मार्गास जागतिक वारशाचा मान दिला. दार्जिलिंग आणि घूम यांच्या दरम्यान आजही वाफेचे इंजिन धावते. आपण त्या गाडीत बसलात, तर बर्फाच्छादित शिखरे अवश्य पाहावीत. परंतु उतरल्यावर इंजिनापाशीही क्षणभर जावे आणि पुढे बसलेल्या त्या माणसांचे हात पाहावेत. आपण वळणावरून सुखरूप आलो त्यात त्या हातांचाही वाटा आहे.