हँड गिअर

कुवेतची नोकरी सोडून परतल्यावर 1986 साली अब्बांनी प्रीमियर पद्मिनी घेतली आणि मुंबईहून स्वतः चालवत रत्नागिरीला आणली. कुर्ल्याचा तो कारखाना पुढे बंद पडला. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेही ऑक्टोबर 2023 मध्ये निरोप घेतला. आमची गाडी मात्र अजून अंगणात आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर तिचा दुसरा गिअर निसटू लागला. मिस्त्रीचाचांनी तीन वाटा सांगितल्या. जुनाच गिअरबॉक्स खोलून बांधायचा, 118 एनईचा फ्लोअर गिअर बसवायचा, नाहीतर दुसऱ्या एखाद्या गाडीचा पाच गिअरचा.

मला पाचव्याचा मोह पडला. त्याचं प्रमाण 0.8 धरलं, तर चौथ्यापेक्षा इंजिनचे फेरे पाचव्या हिश्शाने कमी होतात. आवाज कमी, पेट्रोलची बचत! चाचा हसले.

"हातखंब्यापासून आंबा घाटापर्यंत पाचवा टाकशील कुठं? इंजिन 1089 सीसीचं. चढावर पहिला-दुसराच कामाला येतो."

शिवाय इंजिन आणि बॉक्स जुळवायला मधे प्लेट घडवायची, प्रोपेलर शाफ्ट कापायचा, तळाला भोक पाडायचं. मग मी फ्लोअर गिअरवर आलो. हँड गिअरचे बुश झिजले की गिअर सापडत नाही. ती कटकट तरी जाईल. चाचांना उद्या होकार कळवायचं ठरवलं.

त्या दिवशी अस्रनंतर अब्बा नेहमीप्रमाणे गाडीत जाऊन बसले. हल्ली त्यांना नातवंडांची नावं आठवत नाहीत. कधी मलाच विचारतात, "तुम्ही कुठले?" मी ओट्यावरून पाहत होतो. बंद गाडीत त्यांनी क्लच दाबला, हात स्टिअरिंगखालच्या दांड्यावर गेला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. एकदाही चुकले नाहीत. तो दांडा काढला, तर हा हात उद्या काय शोधेल?

सकाळी चाचांना म्हटलं, "जुनाच बांधा."

चाचांनी सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून मागवले. महिना गेला. गाडी तयार झाली तेव्हा अब्बांना शेजारी बसवून मी भाट्याचा पूल ओलांडला. पावसच्या वाटेवर चढ लागला. गाडी दमली तसे अब्बा माझ्याकडे न बघता म्हणाले,

"बाळा, दुसरा घाल."

मी घातला. निसटला नाही.